तेलातले तीन टॉर्च

हेडलीचा फोन आला तेव्हा आमच्या घरी शब्बाथाची, शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची, तयारी चालली होती. शुक्रवारची दुपार. सूर्य बुडाल्यावर चूल पेटवायची नाही, म्हणून माझी बायको नोएला तापलेल्या दगडांवर रताळी रचून वर केळीची पानं दाबत होती. फोन डेल्विनाने घेतला. डेल्विना आमची सून, आमच्या हेडलीची बायको. तो टिमोला आणि आणखी एकाला घेऊन मोठ्या समुद्रावर गेला होता. ती नुसती "हं, हं" करत राहिली. मग दोनदा "हेडली?" म्हणाली आणि फोन कानावरून काढून त्याच्याकडेच बघत बसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"इंजिन गेलंय, मामंजी. चालतंय, पण खोकत. पेट्रोलही तळाला आलंय. थोडं वल्हवतायत, थोडं इंजिन लावतायत. तोंडापाशी पोचायला अंधार पडेल म्हणाला."

"मग सकाळपर्यंत बाहेरच थांबा म्हणावं."

"या वाऱ्यात?"

मी वर पाहिलं. सगळ्या माडांच्या झावळ्या एका बाजूला ओढल्यासारख्या झाल्या होत्या. कोम्बुरू सुटला होता, वायव्येचा वारा. तो सुटला की चार-चार दिवस थांबत नाही. त्याच्यात रात्रभर तीन माणसं आणि फायबरची एक होडी टिकणार नव्हती, हे मलाही कळत होतं. मी उगाच बोललो.

आमच्या खाजणाच्या आणि मोठ्या समुद्राच्या मध्ये प्रवाळाची लांबच लांब भिंत आहे. आमच्या बाजूला तिच्यात होडी शिरेल अशी एकच फट आहे. तिला आम्ही तोंड म्हणतो. दिवसा तिच्यातून बायाही लाकडी होड्या घेऊन जातात. अंधारात आणि वाऱ्यात जरासं चुकलं की संपलं. मागच्या वर्षी शेजारच्या गावची होडी लाकूडतोड्यांच्या कँपचे दिवे बघून त्या रोखाने आली आणि भिंतीवर फुटली. दोघं सापडले, दोघं सापडलेच नाहीत.

त्यानंतर डेल्विनाने तोंडापाशी दिवा लावला होता. ती लग्नाआधी राजधानीत, होनियारात, सौर दिव्यांच्या दुरुस्तीचं काम करायची. बुडी मारायचा एक मोठा टॉर्च घेऊन तिने त्याच्या आतल्या चिपचा प्रोग्राम बदलला आणि भिंतीच्या कडेला खारफुटीचा खांब रोवून त्याच्यावर तो बांधला. लांब, लांब, आखूड. असा तो रात्रभर उघडझाप करायचा. कँपचे दिवे नुसते जळतात, हा पापणी लववतो, म्हणून आमची माणसं त्याला ओळखायची. या आठवड्यात त्याच्यात पाणी शिरलं आणि तो विझला. समुद्रकाकडी, तळाशी पडून असलेला तो महागडा जीव, धरायचा हंगाम बंदी उठून कित्येक वर्षांनी उघडलेला. जो तो रात्री बुड्या मारायला पळत होता. बघू रविवारी, असं सगळेच म्हणाले. गावातलं पेट्रोल हंगामाने पिऊन टाकलं होतं आणि धड इंजिनाच्या दोन्ही होड्या माल विकायला सेगेच्या बाजाराला गेल्या होत्या. आणायला जाणार कोण आणि कशात?

"साधा टॉर्च बांधला तर?" मी म्हणालो.

"घरातले टॉर्च एवढ्या लांबून दिसणार नाहीत. आणि बुडीचा तसाच बांधला तर पाण्याबाहेर तापतो, मग आपला आपणच मंद होतो. काजव्याएवढा. तसा नाही झाला तरी नुसता जळणारा दिवा बघून हेडली त्याला कँपचाच समजेल." ती उठली होती. "प्रोग्राम घालावाच लागेल. आणि भरती चढायच्या आत खांबाशी जायला हवं."

विझलेल्या टॉर्चमधली चिप जळून काळी पडली होती, ते तिने आधीच बघितलं होतं. गावातले बाकीचे बुडीचे टॉर्च माणसांबरोबर सेगेला गेले होते, पण हेडलीचे तीन जादा घरात होते. नोएलाने हात पुसले आणि आतून टोपली आणली. तिचा चेहरा जरा उजळला होता. "मी नीट ठेवलेत," ती म्हणाली. "एकालाही गंज नाही."

डेल्विनाने पहिल्याची मागची झाकणी फिरवली. आतून तेल आलं. थेंब नाही, धार. खोबरेल तेल, पिवळं पडलेलं, आंबूस वासाचं. तिच्या मनगटावरून ओघळून चटईवर पडलं.

डेल्विनाने टॉर्च उपडा करून बघितला.

आमच्याकडे सगळ्याला तेल लावतात. कोयत्याला, गळांना, इंजिनाच्या नटांना, तान्ह्या पोराच्या टाळूला. खाऱ्या हवेत तेल लावलं नाही तर काही टिकत नाही. नोएलाची आई तेल लावायची, तिची आईही लावायची.

"आई, आत पण घातलंत?" डेल्विनाने हळू विचारलं.

"तेल असेल तर पाणी कसं शिरेल?" नोएला म्हणाली. "मागच्या वेळी पाणी शिरलं म्हणून हेडली चिडला होता. मी आत भरलं. तिन्हींत भरलं." मग तिने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. "का गं? तेलाने काय होतं?"

डेल्विनाने लॅपटॉप उघडला, पेटीतून वायर काढली. वायरीच्या टोकाला एक छोटा चिमटा होता, दोन्हीकडे चार-चार दात असलेला. चिपचे आठ पाय, चिमट्याचे आठ दात. प्रत्येक पायावर दात बसला की चिप आपली ओळख सांगते, मग तिच्यात नवा प्रोग्राम घालता येतो. एका जरी पायावर तेल, मीठ, कसलाही पापुद्रा असला तरी चिप मुकी. हे सगळं ती मला पूर्वी सांगत असे, मी ऐकल्यासारखं करत असे. त्या दिवशी मी त्या दातांकडे डोळे फाडून बघत होतो.

तिने तिन्ही बोर्ड बाहेर काढले. नाण्याएवढे गोल. तेलात राहून त्यांच्यावर राळेसारखा थर बसला होता, आणि तेलाखाली जिथे आधीचं खारं पाणी राहिलं होतं तिथे हिरवं उगवलं होतं. पहिल्यावरची चिप तडकलेली निघाली. तो तिने बाजूला टाकला.

दुसरा तिने रॉकेलने धुतला. दात घासायच्या ब्रशने घासघास घासला, फडक्याने टिपला, चिमटा लावला. लॅपटॉपवर एक ओळ आली.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"कोणी नाही म्हणतो."

पुन्हा घासला. पुन्हा तेच. रॉकेलने तेल सुटत होतं, पण रॉकेल स्वतः चिकटून बसत होतं. तिने चिमटा दाबला, हलवला, आणखी दाबला. कट असा अगदी बारीक आवाज झाला. तिने चिमटा उचलला तर त्याच्याबरोबर चिपचा एक पाय आणि त्याच्या खालचा तांब्याचा तुकडा वर आला.

"गेला," ती म्हणाली. अगदी सपाट आवाजात.

नोएला त्या दगडांच्या भट्टीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली. पानं झाकून झाली होती, तिथे करण्यासारखं काही नव्हतं. तरी ती बसली.

"एक राहिलाय," डेल्विना म्हणाली. "याला मी स्पिरिटशिवाय हात लावणार नाही."

"दवाखान्यातलं?"

"गेल्या महिन्यात संपलंय. आणि दवाखाना पलीकडच्या बेटावर." तिने माझ्याकडे पाहिलं. "क्वासो चालेल, मामंजी. पहिल्या धारेची."

आमचं गाव सातव्या दिवसाच्या मंडळीचं. आम्ही दारू पीत नाही, डुक्कर खात नाही, शिंपले खात नाही. क्वासो, म्हणजे घरी गाळलेली दारू, गावात कोणी गाळत नाही, कोणी पीत नाही, आणि ती कुठे मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. मी आधी रूबेनच्या घरी गेलो. तो झोळीत पडला होता.

"क्वासो? माझ्याकडे?" तो उठून बसला. "शब्बाथ तोंडावर आलाय, काका. काय बोलताय."

"मी पोलीस नाही, रूबेन. हेडलीसाठी पाहिजे."

"पोलीस असतात तर बरं झालं असतं. त्यांच्यासाठी एक बाटली बाजूला असायची. या हंगामात तीही राहिली नाही." सगळं सांगितल्यावर मात्र त्याचं हसू गेलं. तो उठून खांबांवरच्या घराखाली शिरला, दोन रिकामे डबे उपडे करून बघितले. "खरंच नाही, काका. आईची शपथ. डीकनकडे बघा. माझी जप्त करतो ती तोच नेतो."

डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा, सायलस माझ्याच वयाचा. आम्ही एकाच होडीत मोठे झालो. त्याने दोन आठवड्यांपूर्वी देवळात उभं राहून क्वासोवर असं काही भाषण केलं होतं की बाया रडल्या होत्या. तो पायरीवर बसून उद्याचा पांढरा सदरा घडी करत होता. त्याची बायको एमिना मागे दारात नारळ खवत होती.

"सायलस, जप्त केलेल्या बाटल्या कुठे आहेत?"

"फोडल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग तांदळाच्या डब्यात आहे ती कुठली?" एमिना खवणं न थांबवता म्हणाली.

सायलसने सदऱ्याची घडी मोडली, पुन्हा घातली. मी त्याला सगळं सांगितलं. तेल, बोर्ड, एकच राहिलाय ते. त्याचा त्या होडीत कोणी नव्हता. तीन मुली, तिघी दुसऱ्या बेटांवर दिलेल्या. तो हो म्हणाला नसता तरी मी त्याला दोष देऊ शकलो नसतो. मंडळीत असं उघड झालं तर माणसाला मागच्या बाकावर बसवतात, वर्षभर प्रार्थना म्हणू देत नाहीत.

"अर्धीच आहे," तो म्हणाला.

"जप्त केलीस तेव्हा अर्धी होती?"

"नाही."

त्याने आत जाऊन बाटली आणली. मी म्हणालो, पानात गुंडाळ. त्याने नाही गुंडाळली. ती हातात उघडी धरून, सदऱ्याची घडी काखेत तशीच, तो माझ्या पुढे गावाच्या मधल्या वाटेने चालत आला. शब्बाथाचं जेवण झाकत बसलेल्या बायांनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

"पेटते का बघायला हवं," डेल्विना म्हणाली. "पाणी जास्त असलं तर उपयोग नाही."

"पेटते," सायलस म्हणाला. "मी बघितलंय."

तरीही तिने चमचाभर घेऊन काडी लावली. निळी ज्योत उठली, उन्हात जेमतेम दिसेल अशी. मग तिने तिसरा बोर्ड बशीत ठेवला आणि वर क्वासो ओतली. ब्रश नवा घेतला, माझाच. ती घासायची, टिपायची, ओतायची. पिवळा थर गढूळ होऊन सुटू लागला. हिरव्यावर तिने लिंबू पिळलं, ते फसफसलं, पुन्हा पावसाच्या पाण्याने धुतलं, पुन्हा क्वासो. विहिरीचं पाणी तिने शिवू दिलं नाही, आमच्या विहिरींत मीठ उतरतं. धुतलेला बोर्ड केळीच्या पानावर ठेवून भट्टीच्या कडेला सुकवला. नोएला तिथेच बसली होती. पान शेजारी आलं तशी ती सरकून लांब झाली, जणू तिची सावलीही बाधली असती.

वारा वाढत होता. माझी नजर सारखी पाण्याकडे जात होती. ओहोटीत उघडे पडलेले खडक एकेक करून बुडायला लागले होते.

डेल्विनाने मीटर लावला. दोन पायांवर दोन टोकं ठेवली तर मीटर किंचाळला.

"हे दोन एकमेकांना चिकटलेत. मीठ अडकलंय मध्ये." तिने सुई मागितली, मग नको म्हणाली. सुई तांब्याला ओरखडा काढेल. सायलस उठला आणि खरकट्यातून माशाचा एक लांब काटा शोधून आणला. त्या काट्याने ती दोन पायांच्या मधली फट कोरत राहिली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम बोर्डावर पडणार, तेवढ्यात सायलसने आपल्या घडीच्या पांढऱ्या सदऱ्याने तो टिपला. मीटर पुन्हा लावला. गप्प.

"आता बोलेल," ती म्हणाली.

चिमटा लावला. कोणी नाही.

काढून पुन्हा लावला. कोणी नाही. तिने बोर्ड उन्हात धरून डोळ्याजवळ नेला. चिपचे आठही पाय चकाकत होते. पुन्हा लावला. या वेळी तिला दाबायची भीती वाटत होती. दुसरा दाबल्यामुळेच गेला होता.

"चिप मेलेली असेल का?" मी विचारलं.

"मला नाही माहीत."

"थोडं आणखी धुऊन—"

"मला नाही माहीत, मामंजी. कळत नाहीये मला. सगळं केलं. जे जे माहीत आहे ते सगळं केलं." तिने चिमटा वायरीसकट भिरकावला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडली नाही. श्वास नुसता आत घेत राहिली, बाहेर सोडायचं विसरल्यासारखी.

सायलसने डोळे मिटले. तो प्रार्थना करत होता की बाटलीचा विचार करत होता, कोण जाणे. मी मोजत होतो की एका माणसाने मदत मागायला वल्हवत पलीकडच्या बेटावर जायचं म्हटलं तर, आणि मध्येच मोजायचं सोडून दिलं. हेडली लहान असताना त्याला मीच त्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर नेलं होतं. एवढंच डोक्यात फिरत होतं, त्याचा काही उपयोग नव्हता.

चिमटा नोएलाच्या पायाशी जाऊन पडला होता. तिने तो उचलला. काहीही हातात आलं की नाकाशी न्यायची तिची सवय. मासा असो, फडकं असो, पोराचं डोकं असो. तिने वास घेतला. पुन्हा घेतला.

"याला तेलाचा वास येतोय," ती म्हणाली.

डेल्विनाने हात खाली घेतले.

"माझ्याच तेलाचा. आंबलेला."

डेल्विना जवळजवळ रांगतच तिच्याकडे गेली. चिमट्याचे दात तिने नखाने खरवडले तर नखाखाली पिवळं आलं. पहिल्या बोर्डाचं, दुसऱ्या बोर्डाचं, सगळं तेल त्या दातांवर जाऊन बसलं होतं, आणि ती धुतलेल्या चिपला तोच चिमटा लावत होती. कदाचित दुसरा बोर्डही चांगलाच होता. ते ती बोलली नाही, पण मोडक्या बोर्डाकडे तिने एकदा पाहिलं.

तळाशी राहिलेल्या क्वासोत तिने चिमटा बुडवला, दात उघडले, मिटले. काळपट पाणी सुटलं. फुंकून सुकवला. चिपवर ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला.

लॅपटॉपवर वेगळी ओळ आली. मला वाचायला उशिरा आलं, तेही आमच्याच भाषेतलं. त्या ओळीतलं मला काही कळलं नाही. पण डेल्विनाच्या खांद्यांकडे बघून कळलं.

प्रोग्राम जायला पाणी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तिने बोर्ड टॉर्चमध्ये बसवला, सेल घातले. लांब, लांब, आखूड. पुन्हा लांब, लांब, आखूड. झाकणीच्या रबरी कड्याशी ती थांबली.

"आई, इथे लावा. फक्त या रबराला. थेंबभर."

नोएला जागची हलली नाही. "माझा हात नको."

"तुमचाच हवा. मला अंदाज नाही."

नोएलाने बोटाच्या टोकावर थेंब घेतला आणि कड्यावरून गोल फिरवला, तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावा तसा. मग बोट लगेच कमरेच्या कापडाला पुसलं.

सायलस आणि मी लाकडी होडीतून निघालो. तरण्यांनी यायला हवं होतं, पण तरणे सगळे सेगेला होते आणि रूबेनला पाण्याची भीती. डेल्विना किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. आम्ही अर्ध्यात असताना गावातली घंटा वाजली, गॅसच्या जुन्या टाकीवर लोखंड मारतात ती. शब्बाथ लागला. ती घंटा दर शुक्रवारी सायलस वाजवायचा.

"कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"ज्याला मी मागच्या बाकावरून बघणार आहे तो," सायलस म्हणाला. "वल्हव."

खांबापाशी पाणी छातीला लागलं. सायलसने होडी धरली, मी उतरलो. लाट आली की खांबाला मिठी मारायची, गेली की दोरीचा एक वेढा घ्यायचा. प्रवाळाने माझ्या पायाची साल काढली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शेवटची गाठ मारली तेव्हा उजेड निळसर होऊन सरत चालला होता. मग पाऊस आला आणि होता तेवढा उजेडही गेला.

आम्ही आतल्या बाजूला होडी खडकाला बांधून बसलो. परत जायला हवं होतं, पण कोणी जाऊ म्हणालं नाही. डोक्यावर तो दिवा उघडझाप करत होता. मागे डोंगरावर कँपचे दिवे पेटले, ओळीने, पांढरेशुभ्र, आमच्या दिव्याहून कितीतरी मोठे.  पावसात आमचा दिवा भिंतीच्या पलीकडे पोचतोय की नाही, हे कसं कळावं. सायलस काहीतरी पुटपुटत होता. मी ऐकलं तर तो दिव्याबरोबर म्हणत होता. लांब, लांब, आखूड. मीही म्हणायला लागलो.

किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीवर लाटा फुटत होत्या, एवढाच आवाज. मला वाटलं, झालं. त्याला आणखी उशीर म्हणजे तो दुसरीकडे गेला. दुसरीकडे म्हणजे भिंत. मी सायलसला म्हणालो, "तो गेला." सायलस म्हणाला, "गप बस."

मग ठक ठक आलं. वल्ह्याने होडीच्या काठावर मारल्याचा आवाज. बाहेरून येणारा माणूस तोंडाशी आला की आमच्याकडे असं मारतात. सायलसने आपलं वल्हं उचललं आणि इतक्या जोराने उत्तर दिलं की आमच्या होडीचा काठ चिरला.

ते आत आले ते नीट आले नाहीत. एका लाटेने त्यांना उचललं, होडीचं बूड भिंतीच्या कडेला घासलं, फाटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पण लाट आतल्या बाजूला उतरली. तिघंही होडीत होते. दोघं वल्हवत होते, हेडली बादलीने पाणी उपसत होता.

"बाबा?" त्याने अंधारात विचारलं.

मी त्यांच्या होडीचा काठ घट्ट धरला.

"तोच आहे," सायलस म्हणाला. "उपस तू. बुडशील अजून."

"आम्ही कँपच्या दिव्यांवर चाललो होतो," हेडली धापा टाकत म्हणाला. "टिमो म्हणाला, तो बघ, एक दिवा डोळे मिचकावतोय. मी म्हटलं, नाही रे, तो तर विझलाय. तो म्हणाला, नाही, मिचकावतोय." आणि तो रडायला लागला, बादली चालूच ठेवून.

किनाऱ्यावर डेल्विना अजून पाण्यातच उभी होती. तिने होडीचं नाक धरून वाळूवर ओढलं. हेडली तिच्याजवळ जायला लागला तर तिने त्याला खांद्याला धरून वळवलं.

"आधी आईकडे जा."

नोएला माडाखाली उभी होती, पुढे यायला धजत नव्हती. पावसात तिला त्याचा चेहरा दिसत नसावा. तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं खाली ओढलं, केसांचा वास घेतला. मीठ आणि पेट्रोल. पुन्हा घेतला.

"रताळी गार झाली असतील," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून घराकडे निघाली.